रेषेखालचे कागद

आई, तू गेलीस तेव्हा मी कॉलेजात होते, त्यामुळे मी काय काम करते हे तुला कधी सांगताच आलं नाही. आपल्याच माजघरात बसून मी पुण्यातल्या एका कंपनीसाठी शोधयंत्रणेचं गणित करते. दवाखान्यातली नर्स रुग्णाची तक्रार टाइप करते आणि यंत्रणा तिच्याशी जुळणारे जुने केसपेपर शोधून काढते. प्रत्येक कागदाला गुण मिळतात. कामाच्या कागदांचे गुण वरच्या बाजूला टेकडीसारखे जमतात. बिनकामाच्यांचा खाली ढीग पडतो आणि वर जाताना तो विरळ होतो. मधे दोन्ही एकमेकांत मिसळतात. तिथेच कुठेतरी मला रेषा मारायची असते. रेषेखालचं काहीच डॉक्टरला दिसत नाही.

हे मिसळणं मी शाळेत जायच्या आधीच तुझ्याकडून शिकले. खाडीतून आणलेल्या तिसऱ्या निवडताना तू दोन शिंपले एकमेकांवर आपटायचीस आणि विचारायचीस, जिवंत की चिखल? नुसत्या चिखलाने भरलेली एक जरी कालवणात उघडली तरी सगळं कालवण वाया. त्या भीतीने मी जरा शंका आली की टाकून द्यायची. एकदा टाकलेल्यांतली एक तू विळीवर उघडलीस. आत मांस होतं. "मास्तरीणबाई, अशी निवडलीस तर बापसाला नुसता रस्सा वाढ," म्हणालीस, आणि शंकेच्या तिसऱ्यांसाठी वेगळी वाटी ठेवलीस. यंत्रणेत तशी वाटी नाही. कंपनीतले साहेब फोनवर समजुतीने सांगतात, डॉक्टरांना लांब यादी वाचायला वेळ नसतो, रेषा वर घ्या. त्यांचंही चूक नाही. मी आलेख पुन्हा पुन्हा तपासते, जेवतानाही तोच डोक्यात असतो.

परवा मी यंत्रणेत तुझं शेवटच्या दिवसाचं वाक्य टाइप केलं. तू ओट्याला धरून उभी आहेस आणि म्हणतेस, "दुखत नाय गो. पाठीवर कोणी पाटा ठेवल्यासारखा वाटताय." दवाखान्यातही तू तेवढंच सांगितलंस. डॉक्टरने गॅसची गोळी दिली, आपण आरे-वारेच्या रस्त्याने रिक्षातून परत आलो आणि सकाळी तू उठली नाहीस. यंत्रणेने पाठदुखीचे कागद वर आणले. हृदयाचेही होते, पण रेषेच्या जरासे खाली. त्या कागदांत छाती असते, कळ असते, घाम असतो. पाटा कुठेच नव्हता.

एका माणसाकडे बघून रेषा हलवायची नाही, हे कामावर आलेल्या नव्या मुलींना मीच शिकवते. तरी काल मी ती खाली घेतली. अहवालात लिहिलं की दोन्ही ढीग जिथे मिसळतात तिथे कामाचे कागद हरवण्याचा धोका जास्त आहे. ते खरं आहे, आकडेही तेच सांगतात. साहेबांनी मान्यही केलं. त्यांना पुढचं सांगायचं धाडस नाही, आणि तुला पाठवायची सोय नाही. रेषा मी आधी तुझ्यासाठी हलवली, आकडे नंतर पाहिले.