यंदाचा योसेफ

सुरत, रविवार, ८ नोव्हेंबर

उपासनेहून आलो तोच बाबाचा फोन. रूथला, माझ्या धाकट्या बहिणीला, दिवस गेलेत. ज्याच्यापासून, तो पोरगा पळून गेला. बाबा म्हणतो, "लोके काय म्हनतीन? गुपचूप मोकळी करी टाकूत तिले." हाच बाबा दर नाताळाला गावी देवपूरच्या आमच्या चर्चच्या नाटकात घोंगडी पांघरून योसेफ होतो. लग्न ठरलेल्या पण आधीच पोटुशी राहिलेल्या मरियेला, येशूच्या आईला, मी टाकणार नाही म्हणतो, आणि बाया डोळे पुसतात.

रूथनं फोन हिसकावला. "दादा, माले लेकरू ठेवनं शे."

मग ठेवायचं. मी सातवी नापास, बायबलातली वचनं पाठ नाहीत. पण पोटातलं लेकरू देव घडवतो असं आपण दर रविवारी गातो. लाज वाटली की ते खोटं होतं का? आणि नुसतं पाप पाप म्हणून काय होतं? पोरीच्या बाजूला कोणी उभं राहायला नको? चर्चच्या मंडळीत उद्या दुसरी अशी निघाली तर तिच्याही बाजूला.

बाबाला परत फोनवर घेऊन विचारलं, ती घोंगडी नाटकापुरतीच का?

मग चर्चच्या पाळकांना फोन करून सांगितलं: यंदा घोंगडी माझ्या अंगावर, आणि मरिया रूथ. रूथला सांगितलं तर ती हसली, पण हो म्हणाली. पोट घेऊन सगळ्यांसमोर बसेल, मी शेजारी उभा असेन. बघू कोण काय बोलतं.