मावशीला मारलेली हाक

७ फेब्रुवारी

व्यापारी गाडी घेऊन आला आणि रिकामीच घेऊन गेला! मावशी चढली नाही. मागून ढकललं तर अंगावर आली. दोरी लावली तर खोपट डोक्यावर घेतलं. शेवटी तोंडावर बादली धरली – तसं केलं की डुक्कर मागे मागे सरकतं, मग उलटंच फळीवर चढवायचं – तर बादलीच चेपून टाकली! व्यापारी म्हणे, "काका, ही डुकरीण आहे की हेडमास्तरीण?"

मी चेहरा पाडून उभा. आतून गुदगुल्या होत होत्या.

८ फेब्रुवारी

लेकीचा फोन. "बाबा, एवढं एक जनावर विकलं जात नाही? घर बंद करा आणि इकडे राहायला या. परत पडलात तर बघणार कोण?"

तिचं चूक नाही. पडलो तेव्हा फरशीवरच होतो, उठताच येईना. मावशी ओरडत राहिली म्हणून दूधवाला आत डोकावला. हे लेकीला सांगितलंही.

१० फेब्रुवारी

आज कुणाशी बोललो नाही. म्हणजे मावशी सोडून.

१३ फेब्रुवारी

लेकीकडे जाऊन आलो. तिच्या सासूबाई 'बसा' म्हणतात आणि खिडकी उघडतात. दोनदा अंघोळ करून गेलो होतो! नातवाच्या कपाटावर गुलाबी डुक्कर, पाठीला फट, पैसे टाकायला. ते चालतं.

लोकांना शिवी द्यायला डुक्कर लागतं. अरे, मावशी झोपते एका कोपऱ्यात, घाण करते दुसऱ्यात. चिखलात लोळते, कारण बिचारीला घाम येत नाही. शाळेत पोरं लेकीला 'डुक्करवाली' म्हणायची. रडत घरी यायची, आणि मावशीच्याच पोटाला टेकून अभ्यास करायची. मावशी हे नावही तिनेच ठेवलेलं.

१५ फेब्रुवारी

आमची ही गेल्यापासून मावशी हाकेला येत नाही. हिची हाक वेगळीच – "ये गं, येऽऽऽ" – शेवट उंच नेऊन. मी करून बघितली. मावशीने एक कान हलवला. फार एकटं वाटलं आज.

१६ फेब्रुवारी

लेकीने आपणहून विचारलं, "मावशी कशी आहे?" इतकं बरं वाटलं! बोलतच सुटलो. हसत हसत म्हटलं, "तुझ्या आईची हाक आली तरच हलेल बघ. बाकी कुणाच्या बापाला ऐकायची नाही!"

तीही हसली. मग म्हणाली, "मला येते ती हाक."

"येणारच! लेक कुणाची?" म्हटलं. आज छान झोप लागेल.

२० फेब्रुवारी

सकाळी हिची हाक ऐकली. पांघरूण फेकलं, अनवाणी धावलो – वेड्यासारखा!

अंगणात व्यापाऱ्याची गाडी. फळीच्या वरच्या टोकाला लेक उभी, डोळे लाल, हाक मारतेय. मावशी कान टवकारून, एकेक पाय टाकत, आपणहून चढत होती.

"काका, बाजूला व्हा," व्यापारी म्हणाला.

तिच्यामागे माझाही एक पाय फळीवर होता.