बाबांचे टाके

६ नोव्हें.
सासऱ्यांना घरी आणलं. हर्निया, आत जाळी बसवली आहे. डॉ. दोनदा म्हणाले, शुगर आहे, पट्टीला हात लावू नका, पू जाळीपर्यंत गेला तर ती काढावी लागेल. विनय माझ्या शेजारीच उभा होता. नवऱ्याने ऐकलं म्हणजे घराने ऐकलं, असं मला वाटलं.

८ नोव्हें.
मिलमधले जुने सोबती सकाळपासून. बाबा बनियन वर करतात, पट्टीचं टोक सोडवतात, टाके दाखवतात. रिटायर झाल्यापासून एवढी माणसं त्यांच्याकडे आली नव्हती. त्यांच्यातल्या साहूजींनी बोटाने दाबून पाहिलं. विनयने त्याचाच फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला.
दाराशी साबण-पाणी ठेवलं. कोहक्याहून नणंद आली, हात न धुता आत. "माह्या बापाले हात लावाले आता तुले विचारा लागते का?"
विनय फोनमध्ये.

११ नोव्हें.
ताप. पट्टीखाली लाल, गरम, कडेने ओलं. बाबा म्हणाले, कोणाला सांगू नको. सांगितलं. दुपारी डॉ.नी काही टाके सोडून पू काढला, थोडा तपासणीला पाठवला. जखम उघडीच ठेवायची, रोज धुऊन पट्टी बदलायची. दवाखान्यात ठेवून घेतलं, इंजेक्शनं सुरू. जाळीबद्दल काही बोलत नाहीत.

१२ नोव्हें.
वॉर्डबाहेर, सगळ्यांसमोर, नणंद: "भात चारला न हिनं. भातानंच पू होते."
जन्मभर दोन्ही वेळा भात खाणारं हे घर.
विनयकडे पाहिलं. साहूजींच्या बोटाचा फोटो त्याच्याच खिशातल्या फोनमध्ये. म्हणाला, काही दिवस पोळीच देत जा.
आज यातलं कोणीच मला नको आहे. बाबासुद्धा. झोपेत त्यांचा हात पोटाकडे जात होता, तो धरून बसले. सोडवत नव्हता.

१४ नोव्हें.
रिपोर्ट आला. औषध बदललं. ताप उतरतोय. विनयशी बोलले नाही. त्याच्या लक्षात आलं की नाही, कोण जाणे.

१७ नोव्हें.
घरी. जाळी अजून आत आहे. पुन्हा पू झाला तर मात्र वाट बघणार नाही, असं डॉ. म्हणाले. साबण-पाणी पुन्हा दाराशी. नणंदेने ते पायाने बाजूला सारून साहूजींना आत घेतलं.
बाबा त्यांना म्हणाले, "भातानंच झालं म्हणतात सारे."
"आणि तुम्ही काय म्हणता, बाबा?" मी विचारलं.
विनयने मान वर केली. नणंद थांबली.  बाबांनी बनियनचं टोक चिमटीत धरलं होतं; वर केलं नाही, सोडलंही नाही.