निळं होईना

सोमवार, ३ तारीख
शुक्रवारी मोठ्या बाई माझ्या तासाला बसणार. तास आवडला तर पर्मनंट, नाही तर सत्र संपलं की नारळ. प्रयोग ठरला: कोबाल्ट क्लोराइडचं द्रावण. गार असलं की गुलाबी, तापवलं की निळं. बाई बाकावरून उडतील!
आज अकरावीला समतोल शिकवला. परिस्थिती बदलली की तो सरकतो. उष्णता दिली तर निळ्याकडे, पाणी वाढवलं तर गुलाबीकडे. झकास झाला तास.

मंगळवार, ४
बायको म्हणाली, अहो, एकदा रंगीत तालीम करून बघा. ठणकावून नाही म्हटलं. मनात. तोंडाने, बघू.
सासऱ्यांना फोन करून पर्मनंट झालो म्हणून कळवून टाकलं. तीन दिवस इकडे की तिकडे.

गुरुवार, ६
द्रावण तयार. पण जेमतेम कपभर. बाई मागच्या बाकावर बसणार, त्यांना दिसणार काय, कप्पाळ? मोठा फ्लास्क घेतला, गळ्यापर्यंत पाणी भरलं. आधी जांभळट होतं, पाणी पडताच मस्त गुलाबी झालं. शकुन चांगला.

शुक्रवार, ७. सकाळी
पहाटे चारलाच उठलो. चहासुद्धा उतरेना. टेन्शन नाही, उत्साह आहे हा.

शुक्रवार, संध्याकाळी
फ्लास्क उकळत्या पाण्यात ठेवला. गुलाबी. जरा थांबू या म्हटलं. गुलाबीच. शर्ट घामाने पाठीला चिकटला. वर्गात तापलो तो मी एकटा. एकही पोरगं हसेना, याचीच जास्त भीती वाटली. बाईंनी चष्मा काढून पुसला, परत घातला. तरी गुलाबी!
शेवटी बाईंनीच वर्गाला विचारलं, काय बिनसलं असेल? पहिल्या बाकावरची दोन वेण्यांवाली उठली. म्हणाली, पाणी फार झालं असणार, म्हणून समतोल गुलाबीकडे सरकला. बाई एकदम खूश. तुला हे कुणी शिकवलं, म्हणाल्या. ती म्हणाली, सरांनीच, सोमवारी.
बाई माझ्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, शिकवता छान हो तुम्ही, अधूनमधून स्वतःचं ऐकतही जा. पर्मनंटचं पुढच्या वर्षी बघू.
म्हणजे छान शिकवतो, हे त्यांनी मान्य केलं.

शनिवार, ८
सासरे मिठाईचा बॉक्स घेऊन दारात. अभिनंदन म्हणाले. बायकोने माझ्याकडे बघितलं. मी थँक्यू म्हटलं आणि पाणी आणतो म्हणून स्वयंपाकघरात आलो.
अजून इथेच आहे.