दादा, तुझ्या खोलीचा स्विच मी बंद केला

प्रिय दादा,

तुला पत्र लिहायची ही माझी दुसरीच खेप. पहिलं लिहिलं ते तू मुंबईला गेलास तेव्हा. उत्तर म्हणून तू एक कॅसेट पाठवलीस. लावून बघते तर सगळी नुसती गिटार, खुशालीचा एक शब्द नाही! या वेळी तर उत्तराची सोयच नाही. तरी लिहिते आहे, कारण आईने बसवलंय. काल तिला मी एक गोष्ट सांगितली. तिने ऐकून घेतलं आणि आधी एवढंच विचारलं, "दादाक सांगलंस?"

तर सांगते. तुझ्या स्टुडिओचा मेन स्विच मी बंद केला. साखळीच्या त्या बँडवाल्या पोरांच्या टेप खराब झाल्या त्या माझ्यामुळे. आणि त्याचा दोष तुझ्यावर येतोय.

रागावलास? रागाव. पण आधी पूर्ण ऐक.

तुझं तेरावं झालं, पाहुणे गेले आणि घर एकदम रिकामं झालं. तेव्हा तुझ्या खोलीतून घूं घूं आवाज यायला लागला. म्हणजे तो रोजचाच होता, माणसांच्या गर्दीत कळत नव्हता. दमट हवा ओढून घेणारं तुझं ते मशीन! आत कुणीतरी बसलंय असंच वाटायचं. आई ओसरीवरून म्हणाली, "त्या खोलयेत अजून काय वाजता गो? वरीसभर घरात वाजप नको." मला तर निमित्तच हवं होतं, तो आवाज सोसत नव्हता. मी उठले, स्विच खाली केला, कडी घातली आणि वर कुलूप लावलं. दुखवटा पाळला, असं मनाचं समाधान करून घेतलं.

तू कितीदा बजावलं होतंस! "सुमे, तुका काय व्हया ता कर, पण ह्या मशीनाक हात लावू नको." रोज सकाळी त्यातली पाण्याची बादली मोगऱ्याला ओतायचास आणि मी हसायचे, रॉकवाला माळी म्हणून. बादली दिसायची, पण ते पाणी कुठून येतं याचा विचार मी कधी केलाच नाही. बाहेर आपला पावसाळा, भिंतींना घाम, आणि आत तुझ्या टेप. दोन महिने!

लोकांना तू कोण होतास हे तू गेल्यावर कळतंय. आपल्या पार्शा गावाला तू चवथीच्या आरतीत मातीचं घुमट वाजवणारा अंतू. शाळा संपवून किनाऱ्यावरच्या हॉटेलांत गिटार वाजवायला लागलास, तेव्हा बाबांनी तुझ्याशी बोलणं टाकलं. पुढे म्हापशात चौघांचा बँड जमवलास, मग मुंबई. एका चवथीला केस कंबरेपर्यंत वाढवून घरी आलास आणि भटजींनी पाठमोरं बघून आईला विचारलं, "ही धाकटी का?" बाबा त्या दिवशी पहिल्यांदा हसले. तुझ्याशी बोलले ते मात्र दुसऱ्या चवथीला.

आणि मग ऐन भरात असताना स्टेजवरून उतरलास आणि रेकॉर्डिंग स्टुडिओच्या काचेमागे जाऊन बसलास. मी विचारलं तर म्हणालास, "माझा वाजवून झाला. आता दुसऱ्याचा आयकूचा आसा." तेव्हा मला ते हरल्यासारखं वाटलं होतं. एवढी वर्षं दुसऱ्यांच्या गाण्यांना तू आकार दिलास, वरचं नाव त्यांचं, तुझं खाली बारीक अक्षरात. तुला कधी वाईट नाही वाटलं? विचारायचं राहूनच गेलं.

बाबा गेल्यावर परत आलास आणि काजूच्या बिया साठवायच्या खोलीत स्टुडिओ काढलास. खिडकीला दोन दोन झडपा, भिंतींना काथ्या. कॉम्प्युटर होता, पण रेकॉर्डिंग टेपवरच करायचं हा तुझा हट्ट. "कॉम्प्युटरावर पोरां शंभरदा वाजयतत. टेपेर तीनदाच. मगे जीव लावून वाजयतत." आणि त्याच दिवशी कुणालाही "छान" म्हणायचं नाही! दुसऱ्या दिवशी सकाळी पोदेर पाव देऊन गेला की चहात पाव बुडवत ऐकायचास. तेव्हा आवडलं तर ठेवायचं, नाहीतर पुन्हा. या पोरांची नऊ गाणी झाली, ती सगळी तुझ्या त्या पाव-परीक्षेत पास झालेली. फक्त कॉम्प्युटरवर चढवायची राहिली होती. आणि त्यातच छातीत कळ आली तर "पित्त आसा" म्हणून सोलकढी पीत बसलास. डॉक्टरकडे गेला असतास तर काय बिघडलं असतं, सांग बघू?

पोरं आठवतात ना तुला? साखळीहून दोन बस बदलून यायची, गिटार मांडीवर घेऊन. गाणारी तन्वी, आणि तो ड्रमवाला विराज. चवथीच्या आधी टेप न्यायला आली. मी कुलूप काढलं आणि वासानेच कळलं. टेपच्या डब्यांवर पांढरी बुरशी, तुझ्या गिटारच्या गळ्यावरही. तन्वी दारातच खाली बसली.

म्हापशाहून आग्नेलबाब आले, तुझ्या पहिल्या बँडचे. चार दिवस आपल्या ओसरीवर बसून एकेक टेप वाळवली, मऊ कापडाने हाताहाताने पुसली. घरात वाजप नको म्हणून पोरांनी हेडफोनवर ऐकलं, एकाने ऐकायचं आणि बाकीच्यांनी त्याच्या तोंडाकडे बघायचं. आई खुर्चीवर बसून ते बघत होती. सहा गाणी वाचली. तीन गेली. त्यातल्या एकात तू घुमट वाजवलं होतंस.

तेव्हा मशीन आपोआप बंद पडलं असं समजून विराज बोलला, वाईटपणाने नाही, रडवेला होऊन. "मशीन जुनां जाल्लां. दादान बदलूक होया होतां. इतको व्हडलो मनीस, पण हयगय केल्यान."

आग्नेलबाब मान हलवून म्हणाले, "अंतू आनी हयगय? ना रे बाबा."

मी चहाचा ट्रे घेऊन तिथेच उभी होते, दादा. आणि गप्प राहिले. तीस वर्षं पोरांना बाकावर उभं करून "कुणी केलं ते खरं सांग" म्हणणारी तुझी ही मास्तरीण बहीण कप मांडून आत गेली! परवा साखळीच्या बसस्टँडवर दोन मुलं बोलत होती, पार्शाच्या स्टुडिओत टेप नीट ठेवत नाहीत म्हणून. तिथेही मी ओढणीने तोंड पुसून बसमध्ये चढले. रात्रभर डोळा लागला नाही. काल आईला सांगितलं.

मग आई म्हणाली, "बंद कर म्हणान मियांच सांगलंय. पण पोरांचो काय गुन्यांव? तीन गाणी हयच वाजवूंदे. लोकांक काय सांगूचा ता मी सांगतंय." वर्ष सरायच्या आत घरात ड्रम! आपल्या आईने! तुझ्यासाठी हे तिने कधी केलं नव्हतं रे. तुझ्या पहिल्या बँडच्या ड्रमवाल्याला ती बागेत पाठवायची.

आईने आपला वाटा उचलला. पण स्विचवरचा हात माझाच होता, आणि गप्प राहिले तीही मीच. तुझ्या घुमटाचं ते गाणं काही परत येणार नाही. त्याची माफी मागून काय होणार? तरी मागते.

एक मात्र नक्की करीन. उद्या रविवार, ती तीन गाणी पुन्हा वाजवायला पोरं अकराच्या बसने येतील. चहा ठेवायच्या आधी, त्यांनी चपला काढायच्या आधी, मी अंगणातच त्यांना सगळं सांगणार आहे. ती चिडली तर ऐकून घेईन. मग त्यांना म्हणेन, बसस्टँडवर, ग्रुपवर, जिथे जिथे बोललात तिथे जाऊन आता हेही सांगा: अंतूने काही हयगय केली नव्हती, त्याच्या बहिणीने केली. आणि नावानिशी सांगा.

तुझी बहीण,
सुमन