दोन बोटं माया

तीर्थरूप आईंना,

वाकून नमस्कार. (पत्रातून वाकायला कंबर लागत नाही हे खरं, पण म्हणून नमस्कार हलका समजू नये.) तुमचा उजवा गुडघा कसा आहे? डाव्याची चौकशी मुद्दाम करत नाही, कारण मागच्या पत्रात तुम्ही लिहिलं होतं की तो उत्तम आहे आणि उगाच विचारपूस करून त्याला वाईट सवय लावू नये. आम्ही दोघी बऱ्या आहोत. तुमची नात आता माझ्यापेक्षा उंच झाली आहे. माझ्याशी बोलताना तिला किंचित खाली बघावं लागतं, आणि त्याचा तिच्या स्वभावावर परिणाम होऊ लागला आहे.

पत्रास कारण असं, की गेल्या महिन्याभरात आमच्याकडे कपड्यांवरून जे काही घडलं ते तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं. दुसरं कोणी सांगणार नाही हे मला ठाऊक आहे, कारण दुसऱ्या कोणाला ते माहीतच नाही. तरीही शिवणाच्या मशीनवर तुमचं आयुष्य गेलं, तेव्हा या बाबतीत तुमच्यापासून काही लपवायचं म्हणजे डॉक्टरपासून खोकला लपवण्यासारखं आहे.

सुरुवात माझ्याच तोंडून झाली. एका सकाळी कपाटासमोर उभी राहून मी म्हटलं, की दवाखान्यात कामाला घालून जायला माझ्याकडे काही उरलं नाही. (हे वाक्य मी बावीस वर्षं म्हणते आहे आणि आजवर कोणी त्यावर कारवाई केली नव्हती.) तुमच्या नातीने कुठेतरी वाचलं होतं की नवं काही न घेता आहे त्या कपड्यांतच माणसाला नवं दिसता येतं. त्यासाठी घरातले सगळे कपडे पलंगावर काढायचे आणि त्यांचे तीन ढीग करायचे: घालण्याचे, दुरुस्तीचे आणि देऊन टाकायचे. ऐकायला सोपं वाटलं म्हणून मी हो म्हटलं. दुपारपर्यंत पलंग दिसेनासा झाला. माझ्याकडे एकाच राखाडी रंगाचे सहा स्वेटर निघाले. प्रत्येक वेळी दुकानात जाताना मी ‘या खेपेला काहीतरी वेगळं घ्यायचं’ असं ठरवूनच गेले होते, आणि प्रत्येक वेळी ते वेगळं म्हणजे हेच. दोन स्कर्ट असे निघाले की ते मी कधी घेतले, कोणासाठी घेतले, आणि त्या वेळी माझी कंबर कुठे होती, यातलं काहीच आठवेना.

तिसऱ्या ढिगात, देऊन टाकायच्या, संध्याकाळी बघितलं तर फक्त ह्यांचे कपडे होते. ते तिथे कोणी ठेवले हे मला सांगता येत नाही. मी ठेवले नाहीत आणि ती म्हणते तिनेही नाही. हे जाऊन पावणेतीन वर्षं झाली, तरी ते कपडे त्यांच्या खणात जसेच्या तसे होते, आणि आम्ही दोघी तो खण सोडून बाकी कपाट वापरत होतो. त्या दिवशी आम्ही तो ढीग उचलला नाही. ती म्हणाली, आधी तुझे कपडे सुधारू. मीही लगेच कबूल झाले.

सुधारायची सुरुवात रंगाने केली. दोन विटलेले सुती शर्ट आणि एक स्कर्ट गडद निळे करायचे ठरले. रंगाच्या पुडीवर लिहिल्याप्रमाणे मोठ्या पातेल्यात पाणी उकळलं, मीठ घातलं, कपडे बुडवले आणि लाकडी दांड्याने ढवळत राहिले. हातमोजे घालावेत असंही पुडीवर लिहिलं होतं, पण ते मागच्या बाजूला. तीन कपडे बाहेर आले ते तीन प्रकारचे निळे होऊन. तेही एक वेळ चाललं असतं. पण कापड रंग प्यायलं तरी शिवणीच्या पक्क्या पॉलिस्टर दोऱ्याने रंगाला अजिबात दाद दिली नाही. (तुम्ही इथे हसला असाल. हसा. आम्हाला हे तेव्हा माहीत नव्हतं.) त्यामुळे निळ्या कापडावर प्रत्येक शिवण पांढरीशुभ्र उठून दिसू लागली, आणि लांबून बघणाऱ्याला वाटावं की या बाई कपडा शिवून व्हायच्या आधीचा आराखडाच अंगावर घालून निघाल्या आहेत. शिवाय माझे दोन्ही हात मनगटापर्यंत निळे झाले. दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या दवाखान्यात काउंटरवर बसून मी नावं लिहीत होते, तेव्हा आमच्या डॉक्टरांचं लक्ष माझ्या बोटांकडे गेलं. त्यांनी मला आतल्या खोलीत नेऊन बसवलं, नखं दाबून पाहिली, नाडी पाहिली, आणि हलक्या आवाजात जिने चढताना दम लागतो का असं विचारलं. लागतो, असं मी खरं ते सांगितलं. त्यावर त्यांचा चेहरा इतका उतरला की मला रंगाच्या पातेल्याची सगळी हकीकत सांगावी लागली. त्यांनी माझा हात सोडला आणि पुढचा पेशंट आत बोलावला. डोळ्यांचे डॉक्टर असून त्यांना रंग ओळखता आला नाही, हे मी कुठे बोलले नाही.

यानंतर तिसऱ्या ढिगाकडे वळण्याशिवाय मार्ग नव्हता. ह्यांचा तो बारीक निळ्या चौकटीचा शर्ट तुम्हाला आठवत असेल; तुम्हीच शिवला होता. कापड अजून खणखणीत आहे. तो खांद्यात आणि कुशीत आत घेतला तर मला दवाखान्यात चालेल असं तुमच्या नातीचं मत पडलं, म्हणून तो घेऊन मी आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या शिंप्याकडे गेले. हा माणूस कोणत्याही कामाला नाही म्हणत नाही. मी त्याला छत्रीला अस्तर लावून देताना पाहिलं आहे. त्याने शर्ट उलटा केला, चष्मा कपाळावरून खाली घेतला, कुशीची शिवण अंगठ्याने वरपासून खालपर्यंत चाचपली, मग कॉलर, मग काज. मागे दोन गिऱ्हाइकं उभी होती.

“कोणी शिवलाय?” त्याने विचारलं.

सासूबाईंनी, असं मी सांगितलं. त्याने शर्ट परत सुलटा केला, नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिला.

“मग त्यांच्याकडेच न्या. याच्यावर मी कात्री चालवणार नाही.”

मी म्हटलं, त्या लांब राहतात. तो म्हणाला, असू देत. एवढं बोलून त्याने मागच्या गिऱ्हाइकाची पिशवी घेतली. आई, तुमचा एवढा मान मी स्वतः कधी ठेवला आहे का, असं परतीच्या वाटेवर माझ्या मनात आलं, आणि उत्तर फारसं समाधानकारक नव्हतं.

शेवटी तो शर्ट मीच हाताने आत घेतला. तीन संध्याकाळी लागल्या. एक खांदा बरा बसला आणि दुसरा त्याच्याहून थोडा वेगळ्या विचाराचा झाला. तो घालून मी दवाखान्यात गेले. आमच्याकडे तपासणीआधी डोळ्यांत थेंब घालून माणसांना तासभर बाकावर बसवतात; त्या तासात त्यांना जवळचं काही धड दिसत नाही. त्या दिवशी बाकावरच्या तिघांनी मला ‘साहेब’ अशी हाक मारून आपला नंबर कधी आहे असं विचारलं. चौथ्या एका आजींनी मात्र माझ्या शर्टाचं मनापासून कौतुक केलं. कोणाकडून शिवला हेही विचारलं. (थेंब त्यांच्याही डोळ्यांत होते, पण कौतुक ते कौतुक.)

घरी आले तर दार तुमच्या नातीनेच उघडलं. सकाळी ती माझ्याआधी कॉलेजला गेली होती, त्यामुळे तिने मला त्या शर्टात पाहिलं नव्हतं. ती दारातच उभी राहिली. मला वाटलं, आता खांद्यावरून बोलेल. पण तिने माझा डावा हात पुढे ओढला आणि बाहीचं बटण लावलं. “बाबांचंही हे नेहमी उघडं राहायचं,” असं म्हणाली आणि आत जाऊन चहा ठेवला. मी बराच वेळ चपला काढायच्या विसरले. त्या दिवसापासून तिसऱ्या ढिगाला आम्ही ‘देऊन टाकायचा’ म्हणणं बंद केलं.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही बसला असाल तर उत्तम, नसाल तर आधी बसून घ्या. ह्यांना बढती मिळाली तेव्हा तुम्ही शिवलेला तपकिरी लोकरी कोट. तो तुमच्या नातीने अंगात घातला आणि आरशासमोर उभी राहिली. खांदे मोठे होते, बाह्या लांब होत्या, पण रंग तिला फार शोभला. पुढच्या महिन्यात तिची एका ठिकाणी मुलाखत आहे, ग्रंथालयातली, शिक्षण चालू असताना करण्यासारखी. त्यासाठी तिला हाच कोट हवा होता. शर्ट जमला (माझ्या मते जमला) म्हणून माझी भीड चेपली होती. मी कोट उसवायला घेतला. अस्तर सुटल्यावर आत बघते तर तुम्ही प्रत्येक शिवणीत दोन बोटं माया सोडलेली, जादा कापड आत दुमडून. उद्या अंग भरलं तर कोट मोठा करता यावा म्हणून. ह्यांचं वय तेव्हा चौतीस होतं. चौतिसाव्या वर्षी त्यांचं आणखी किती वाढायचं राहिलं होतं ते तुम्हालाच माहीत.

आणि मग आई, मी कोट कापला. पाठ मधून कापली, बाह्या काढल्या, त्या दोन्ही आखूड केल्या, आणि परत जोडताना डावी उजवीकडे आणि उजवी डावीकडे लावली. कोट घालून हात पुढे केला की बाह्या मागे ओढायच्या, आणि तुमची नात पाठमोरी यावी तशी समोरून यायची. म्हणून तो परत सगळा उसवला; सध्या कोट सात तुकड्यांत जेवणाच्या टेबलावर आहे आणि आम्ही ओट्याशी उभ्या राहून जेवतो. याबद्दल क्षमा मागण्याचं धाडस मला होत नाही. बाह्या कशा बसवायच्या एवढं फक्त उलटटपाली कळवावं ही विनंती.

तब्येतीला जपा. औषध गुडघ्याला चोळायचं आहे, कपाटात ठेवायचं नाही.

तुमची,
सून

ता. क. वर बाह्यांबद्दल लिहून कळवा असं म्हटलं आहे, पण लिहून बाही बसत नाही हे तुम्हालाही ठाऊक आहे. तेव्हा तुम्हीच या. मशीनसकट या. खिडकीकडची खोली रिकामी केली आहे आणि मशीनची जागा मी मापून ठेवली आहे. सकाळी दहापर्यंत तिथे छान उजेड येतो. गेल्या खेपेला तुम्ही आठ दिवसांसाठी आलात आणि पाचव्या दिवशी निघालात. दारात म्हणालात, इथे सगळं आपोआप होतंय, मी नुसती बसून काय करू. त्याचं उत्तर आता देते, इथे काहीही आपोआप होत नाही. किती दिवसांसाठी या, ते मी लिहिलेलं नाही, आणि ते चुकून राहिलेलं नाही.

ता. क. २. हे पत्र तुमच्या नातीने वाचलं आणि आजीला खोटं लिहिलेलं मी पोस्टात टाकणार नाही असं म्हणून ती पाकीट धरून बसली आहे. म्हणून लिहिते. कोट कापलेला नाही. अस्तर खालून वीतभर उसवलं, आतली माया पाहिली, आणि कात्री खाली ठेवली, एवढंच घडलं. कोट कपाटात हँगरवर अख्खा आहे आणि आम्ही टेबलावरच जेवतो. बाकी निळे हात, साहेब, शिंपी, सगळं अक्षरशः खरं आहे. तुम्हाला तीनदा प्रेमाने बोलावलं, तुम्ही आला नाहीत. वाटलं, रागाने तरी याल. हा खोटेपणा कोट कापण्यापेक्षा काही लहान नाही, तेव्हा राग याचा धरा. फक्त पत्रातून रागावू नका. इथे येऊन रागवा.

(पुढची ओळ तिच्या हातची आहे. काय लिहिलं ते मला दाखवत नाही.)

आजी, आईच्या हातात परत कात्री देऊ नकोस. मला शिकव. मुलाखत एकवीस तारखेला आहे, त्याच्या आधी ये.