तिसऱ्यांदा विचारायच्या आत

तीर्थरूप अक्काच्या चरणी धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (गुडघे वळत नसल्यामुळे तो कागदावरच घालतोय, गोड मानून घे.) तुझी कंबर कशी आहे? आम्ही सगळे खुशाल, म्हणजे दुखणी जुनीच आहेत, नव्याची भर नाही. चष्म्याचं दुकानही बरं चाललंय. देवाच्या कृपेने लोकांचे डोळे बिघडताहेत.

पत्रास कारण की, आम्ही त्या झोकदार हॉटेलात जेवून आलो. हो, तेच, जिथे आमची लेक चिमणी काम करते. तू तिच्यासाठी कॉलेजातली नोकरी पाहून दिलीस, ती सोडून पोरगी भाज्या चिरायला गेली, आणि तेव्हापासून तू तिच्याशी अबोला धरलास. हे ठाऊक असूनही तिचं नाव काढतोय, लगेच चष्मा काढून ठेवू नकोस. झालं असं, की तिथल्या मुख्य आचाऱ्याने तिला स्वतःच्या मनाचा एक पदार्थ करायची परवानगी दिली. पाहुण्यांनी चाटूनपुसून खाल्ला तर पदार्थ कायमचा. ताटली भरलेली परत आली, तर चिमणीने मुकाट्याने कांदे सोलायचे. जेवणातला कुठला पदार्थ तिचा, हे काही तिने आम्हाला सांगितलं नाही. "खाल्ल्यावर ओळखा," म्हणाली.

मी, ही आणि सासूबाई असे तिघे गेलो. आत उजेड इतका बेताचा, की माझ्या धंद्याला बरकत यावी. ताटल्या परातीएवढ्या आणि मधोमध कुंकवाएवढं अन्न. सासूबाईंना वाटलं, नुसता नैवेद्य दाखवताहेत, जेवण मागाहून येईल. (त्या शेवटपर्यंत त्याच आशेवर होत्या.) वाढपी मोठा सालस, पण प्रत्येक घासाची वंशावळ सांगायचा. भोपळा कुठल्या शेतातला, ताकाचा फेस कसा केला, धूर कशाचा. धूर म्हटल्याबरोबर सासूबाईंनी, काही जळलंय का, म्हणून चौकशी केली.

आता खरं सांगतो, अक्का, पुढे जे घडलं त्यात थोडा वाटा तुझाही आहे. लहानपणी तूच आम्हाला शिकवलंस ना, की लोकांच्या घरी अन्नावर तुटून पडू नये. पहिल्यांदा विचारलं की नको, दुसऱ्यांदा विचारलं की पुरे, आणि तिसऱ्यांदा विचारलं तर बरं, थोडंसं. हीसुद्धा लग्नानंतर तुझ्याच हाताखाली तयार झाली. तर भाजलेल्या भोपळ्याची ती वाटी आमच्यामध्ये आली. मी हिच्याकडे सरकवली, हिने सासूबाईंकडे, सासूबाईंनी "जावईबापू, आधी तुम्ही" म्हणून माझ्याकडे. वाटीने टेबलाला चांगली प्रदक्षिणा घातली, चमचा मात्र कुणी लावला नाही. फेस बसला. वाढप्याने अदबीने विचारलं, "नको आहे का?" आणि आम्ही तिघांनी एका सुरात सांगितलं, "नको, नको!"

त्याने वाटी उचलली आणि गेला. दुसऱ्यांदा विचारलंच नाही! आम्ही आपले वाट पाहत बसलो.

आली ती चिमणी. पांढरा कोट, हातात तीच वाटी, डोळे भरलेले. "बाबा, चव तरी घ्यायची होती," एवढंच म्हणाली. अक्का, लेकीच्या हातचं आम्हीच परत पाठवलं होतं. मागोमाग मुख्य आचारी आला, कपाटाएवढा माणूस, हातात पदार्थावर सजावटीची पानं ठेवायचा चिमटा. मी उभा राहिलो आणि तुझं तिसऱ्यांदा विचारण्याचं शास्त्र त्याला पहिल्यापासून समजावून सांगितलं. (तुझं नावही घेतलं, क्षमा असावी.) तो आधी गंभीर राहिला, मग असा हसला, की बाजूच्या टेबलावरची मंडळी वळून बघू लागली. आत जाऊन त्याने स्वतः ताजी वाटी आणली आणि विचारलं, "घेणार?" "नको." "घ्या हो." "पुरे." "थोडंसं?" "बरं."

अक्का, काय चव होती! दुसरा घास मी कुणी विचारायच्या आतच घेतला, यावरून काय ते समज. सासूबाईंनी वाटी बोटाने पुसून घेतली आणि आणखी मागितली, तीही पहिल्याच झटक्यात. पदार्थ कायम झाला. चिमणी आचाऱ्यासमोर ताठ उभी राहिली आणि आत जाताना उडी मारून गेली, ती मी पाहिली. ती कॉलेजात रमली नसती, अक्का. आता मला हे अगदी स्वच्छ दिसतंय.

कंबर शेकत जा. भावजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. तुझा विषय काढला की चिमणी मान खाली घालते. फोन करायचं तिच्या मनात फार आहे, पण धीर होत नाही.

ता. ता. क. घरी येताच आम्ही तिघांनी सकाळचा भात फोडणीला टाकून पोटभर खाल्ला. हे चिमणीला कळलं तर ती आमचं तोंड बघणार नाही, तेव्हा तिला अजिबात सांगू नकोस. तुझ्या पोटात काही राहत नाही, हे लहानपणापासून माहीत आहे, म्हणून मुद्दाम तुलाच लिहिलंय. दुपारच्या वेळी ती मोकळी असते.